भिंत

गमबुटांवर कापडी मोजे चढवून
मी झेफेरिनो बाल्दिसेराच्या शेडमध्ये चालते,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलट,
पाइनच्या भुशावर मुद्दाम पाय घासत.
अठ्ठावीस हजार पिल्लं बाजूला होतात
आणि माझ्यामागे पुन्हा मिटतात.
मोजे पिशवीत. पिशवीवर तारीख, शेड क्रमांक दोन.
बाहेर जुलै. सांता कातारिनाच्या या डोंगरावर
जुलै म्हणजे कडाका,
कुंपणाच्या तारेवर दहिवर गोठलेलं.

मागची खेप वाईट गेली होती.
वीसपैकी नऊ नमुन्यांत साल्मोनेला.
कोंबड्या मात्र ठणठणीत, खात होत्या, पीत होत्या.
हाच त्या जंतूचा कावा:
चोचीतून शिरायचं, खराखुरा चंचुप्रवेश,
आणि जिच्या पोटात राहायचं तिला धक्का लावायचा नाही.
ताप चढतो तो कुठल्या तरी दूरच्या शहरात
ताटावर बसलेल्या पोराला.

या वेळी खाद्यात कंपनीनं यीस्ट मिसळून पाठवलं.
मी दाखवायला एक पुडी आणली होती.
साओ पावलोकडच्या उसाच्या कारखान्यातलं,
गाड्यांचं इंधन गाळून झाल्यावर तळाशी उरलेलं,
फोडलेलं, धुतलेलं, वाळवलेलं.
आतला गर गेला,
राहिली नुसती पेशीची भिंत.
टनाला एक किलो.

त्यानं चिमूट जिभेवर ठेवली.
"मेलंय ना हे?"
मेलंय, म्हटलं.
"मग करणार काय?"

पावतीच्या मागे मी काढून दाखवलं.
जंतूला बोटं असतात, दिसणार नाहीत इतकी बारीक.
आतड्याच्या अस्तरावर एक साखर असते,
तिला धरून तो बिऱ्हाड थाटतो.
तीच साखर या भिंतीवर, दाट, बाहेरच्या अंगाला.
दाण्याबरोबर वाहत येणारी भिंत त्याला आधी भेटते.
तो धरतो. घट्ट धरतो.
भिंत तर कुठे थांबायला आलेलीच नसते.
सकाळी विष्ठा भुशात पडते, तिच्यात ती,
आणि तिला धरलेला तो.

"मारत नाही?"
नाही. हात धरून दाराबाहेर, एवढंच.

बराच वेळ तो माते ओढत राहिला,
भोपळ्याचं भांडं, धातूची नळी, कडू हिरवं पाणी,
मग भांडं माझ्याकडे सरकवलं.
ओलिंदाचं आंबवण होतं फ्रिजमध्ये, म्हणाला.
दर शुक्रवारी रात्री त्याला पीठ चारायची,
शनिवारी पाव. माझ्यावर नाही ओरडली कधी,
त्या बरणीवर ओरडायची, फुगत नाही म्हणून.
ती मार्चमध्ये गेली.
चारायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.
मेमध्ये झाकण काढलं, तर वर राखाडी पाणी.
टाकवलं नाही. आहे अजून,
लोण्याच्या मागे.

मी नळी तोंडात धरून बसले.
अशा वेळी काय बोलायचं
ते आमच्या प्रशिक्षणात नव्हतं.

छत्तिसाव्या दिवसाचा अहवाल: वीसपैकी तीन.
शून्य नाही. शून्याचं वचन कुणी दिलंही नव्हतं;
उंदीर, पाण्याच्या नळ्या, दारातला चुना,
तो सगळा व्याप आहे तसाच उभा.
मी फोनवर सांगितलं: तीन.
पलीकडे पंख्यांची घरघर.
"नऊमधून तीन," तो सावकाश म्हणाला,
फळ्यापुढे उभ्या केलेल्या मुलासारखा,
"सहा गेले."
मी म्हटलं, एका खेपेवरून काही ठरत नाही.
"ठाऊक आहे," तो म्हणाला, पण ठेवला नाही फोन.

मग, जणू खाद्याबद्दलच विचारतोय:
"त्या बरणीतलं जे आहे,
त्यालाही भिंत असेल ना? अजून?"

असेल, मी म्हटलं.
भिंती लवकर जात नाहीत.

"बरं," तो म्हणाला. "गुरुवारी नवी पिल्लं येतायत.
मोजे जास्तीचे आण.
मागच्या वेळी एक फाटला होता."